पाणमांजर: सवयी, आहार आणि नदीकाठची राखण

भारतात पाणमांजरांच्या तीन जाती आढळतात. महाराष्ट्र आणि गोव्याच्या नद्यांत, खाड्यांत व धरणांच्या जलाशयांत कळपाने दिसतात ती बहुतेक वेळा मऊ, गुळगुळीत केसांची पाणमांजरे. प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत ती स्मूथ-कोटेड ऑटर या नावाने येतात. दुसरी जात आखूड नखांची. ही आकाराने सर्वांत लहान, वजनाने साधारण तीन-साडेतीन किलोची, आणि पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातल्या व पूर्व हिमालयातल्या खडकाळ ओढ्यांत राहणारी. गोव्यातही तिची नोंद आहे. तिसरे युरेशियन पाणमांजर. ते युरोपापासून पूर्व आशियापर्यंत पसरलेले आहे. भारतात ते मुख्यतः हिमालयाच्या नद्यांत असले, तरी मध्य प्रदेशातल्या सातपुडा व्याघ्र प्रकल्पातही कॅमेऱ्यात टिपले गेले आहे. पुढील माहिती मुख्यतः पहिल्या जातीची आहे, कारण आपल्याकडच्या शेतकऱ्याची, मच्छीमाराची आणि नदीकाठच्या गावाची गाठ तिच्याशीच पडते. कोकणात तिला ऊद किंवा हूद म्हणतात. उदमांजर हा वेगळा प्राणी. तो रात्री झाडांवर आणि घरांच्या माळ्यावर वावरतो, पाण्यातल्या शिकारीशी त्याचा संबंध नाही.

पूर्ण वाढलेले पाणमांजर सात ते अकरा किलो वजनाचे असते. डोके गोलसर, मान जाड, पाय आखूड, बोटांमध्ये पडदा आणि शेपूट बुडाशी भक्कम व टोकाकडे चपटे. पोहताना डोके आणि पाठीचा थोडा भाग एवढेच पाण्यावर दिसते. बुडी मारताच नाकपुड्या आणि कान मिटतात. गढूळ पाण्यात डोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही, तिथे ओठांवरच्या ताठ मिशा कामाला येतात. मासा हलला की पाण्यात उठणारी बारीक हालचाल त्यांना जाणवते. बहुतेक बुड्या मिनिटाच्या आतच संपतात.

त्याच्या केसांची रचना नीट समजून घेतली पाहिजे, कारण त्यावर बरेच काही अवलंबून आहे. सील किंवा देवमाशाला असतो तसा चरबीचा जाड थर पाणमांजराला नसतो. त्याला ऊब देते ती केसांत अडकलेली हवा. वरचे राठ केस पाणी अडवतात आणि खालची दाट लव हवा धरून ठेवते. ही व्यवस्था टिकवायची तर केस सतत कोरडे आणि स्वच्छ करावे लागतात. म्हणून पाण्यातून बाहेर आले की कळपातले प्राणी वाळूत, गवतात लोळतात, अंग घासतात, एकमेकांचे केस साफ करतात. होडीच्या इंजिनातले वंगण किंवा डिझेल अंगाला लागले की केस चिकटतात, हवा निघून जाते आणि जनावर गारठते. जुने ऑइल खाडीत ओतून देण्याची सवय अनेक बंदरांवर आहे. तिचा फटका आधी बसतो तो याच प्राण्याला.

पाणमांजरे कुटुंबाने राहतात. कळपात साधारणपणे चार ते अकरा प्राणी असतात: एक जोडपे, त्या वर्षीची पिल्ले आणि आधीच्या विणीतली मोठी झालेली भावंडे. मादी सुमारे दोन महिने गाभण राहते आणि दोन ते पाच पिल्लांना जन्म देते. पावसाळा ओसरल्यावर हिवाळ्यात पिल्ले दिसण्याचे प्रमाण अधिक. पिल्ले डोळे मिटलेली जन्मतात, दहा-बारा दिवसांनी ते उघडतात, आणि पाण्यात उतरायला त्यांना शिकवावे लागते. सुरुवातीला ती पाण्याला घाबरतात. आई मान धरून आत नेते, मग अर्धमेला मासा उथळ पाण्यात त्यांच्यासमोर सोडते. पिल्लू त्याला धरते, तो सुटतो, पुन्हा धरते. तीन ते पाच महिन्यांत त्यांचे दूध सुटते, पण एकट्याने पोट भरण्याइतकी तयारी व्हायला आणखी बराच काळ जातो. पिल्लांच्या वाढीत बापाचाही वाटा असतो. तो अन्न आणतो आणि राखणही करतो. जन्माला आलेले पिल्लू साधारण दोन वर्षांनी स्वतः विणीला येते. म्हणजे एखाद्या कळपातले दोन-तीन मोठे प्राणी एकदम गेले, तर ती जागा भरून निघायला वर्षे लागतात.

कळप आपसांत सतत आवाज करतो. शिट्टीसारखी हाक, चिवचिव, भीती वाटली की तीव्र फुस्कार. माणसांची वर्दळ कमी असेल तिथे सकाळी आणि उन्हे कलल्यावर ते दिवसाउजेडी फिरतात. वर्दळ वाढली की हळूहळू रात्रीचे होतात. एखाद्या नदीवर पाणमांजरे दिवसा दिसेनाशी झाली, म्हणजे ती गेलीच असे नाही. काठावरची वर्दळ वाढली आहे, एवढा अर्थ त्यातून नक्की निघतो.

त्यांचे मुख्य अन्न मासे. त्याखेरीज खेकडे, झिंगे, बेडूक, पाणसाप, कधी उंदीर आणि पाणपक्षी. आखूड नखांच्या जातीचे गणित उलटे आहे. तिचा भर खेकड्यांवर असतो. बोटांनी दगडाखाली, चिखलात चाचपून ती खेकडे काढते आणि रुंद दाढांनी कवच फोडते. मोठ्या जातीचे पाणमांजर मात्र तोंडाने शिकार धरते आणि ती बहुधा मिळून करते. कळप अर्धवर्तुळात किंवा इंग्रजी व्ही अक्षरासारखी रांग धरून पाण्याच्या प्रवाहाविरुद्ध सरकतो, मासे पुढे काठाकडे रेटले जातात, आणि अडचणीच्या जागी येताच बुड्या सुरू होतात. छोटा मासा पाण्यातच पोहता पोहता खाल्ला जातो. मोठा असेल तर काठावर किंवा खडकावर आणून, पुढच्या पंजांत धरून डोक्याकडून खायला सुरुवात होते.

दिवसाला किती मासळी लागते, हा मच्छीमारांचा नेहमीचा प्रश्न. अंगातली ऊब टिकवण्यासाठी पाणमांजराचे शरीर फार वेगाने अन्न जाळते. म्हणून वजनाच्या सुमारे दहा ते वीस टक्के खाणे रोज लागते. आठ किलोचे जनावर धरले तर एक किलोच्या आसपास, किंवा थोडे अधिक. सहा-सात प्राण्यांचा कळप असेल तर हा आकडा मोठा वाटतो. पण कळप एका डोहावर रोज बसत नाही. तो नदीच्या कित्येक किलोमीटर लांबीच्या पट्ट्यात फिरतो आणि ठराविक जागी काही दिवसांनी परततो. शिवाय तो काय खातो हे महत्त्वाचे. अंगाने संथ, तळाशी राहणारी, सहज हाती लागणारी मासळी आधी पकडली जाते. केरळातल्या पेरियार जलाशयात झालेल्या अभ्यासात तिलापिया आणि सायप्रिनस या बाहेरून आणून सोडलेल्या माशांचा त्यांच्या आहारात ठळक वाटा आढळला. आपल्या तलावांत या तिलापियाने, म्हणजे चिलापीने, काय केले आहे हे मासेमारी सोसायट्यांना सांगायला नको. स्थानिक मासळीची जागा खाणाऱ्या या माशावर ताव मारणारा प्राणी नदीत असणे, हे मच्छीमाराच्या तोट्याचे नाही.

खाडीत चित्र थोडे बदलते. तिथे बोय, काळुंद्र, शेंगाळा, वाम अशी मासळी आणि जोडीला कुर्ल्या हाती लागतात. गोव्यात मांडवीच्या मुखाकडे असलेल्या चोडण बेटावर कांदळवने आणि खाजणे, म्हणजे बांध घालून राखलेल्या खारजमिनी, लागून आहेत. भरती-ओहोटीचे पाणी मानशीच्या दारांतून आत-बाहेर होते. त्या पाण्याबरोबर येणारी मासळी, बांधाच्या कडेची झुडपे आणि कांदळवनातली उंचवट्याची कोरडी जागा या तिन्ही गोष्टी एका हाकेच्या अंतरावर असल्यामुळे पाणमांजरे तिथे टिकून आहेत. वाइल्ड ऑटर्स या संस्थेने याच परिसरात त्यांचा अभ्यास केला. खाजणांचे बांध फुटले आणि दुरुस्तीविना राहिले, तर भातशेती बुडते आणि ही जागाही जाते. शेतकऱ्याचे आणि पाणमांजराचे हित इथे एकाच बांधावर अवलंबून आहे.

पाणमांजर आहे की नाही हे ठरवायला ते प्रत्यक्ष दिसण्याची गरज नसते. त्याच्या खुणा दिवसाही वाचता येतात, आणि त्या ओळखायला शिकणे हे कोणत्याही राखणीचे पहिले काम. पहिली खूण विष्ठा. कळप ठराविक जागीच विष्ठा करतो: नदीत पुढे आलेला कातळ, वाळूची पुळण, दोन ओढ्यांचा संगम, बंधाऱ्याची भिंत, खाजणाचा बांध. ही जागा त्यांच्या निरोपाच्या फळ्यासारखी असते. आपला वावर आणि ओळख वासाने मागे ठेवली जाते. ताजी विष्ठा काळपट हिरवी, चिकट आणि मासळीच्या उग्र वासाची. दोन-तीन दिवस उन्हात राहिली की राखाडी-पांढरी होते आणि बोटाने दाबताच भुगा होतो. त्या भुग्यात माशांचे खवले चकाकतात, बारीक मणके आणि काटे सुटे होतात. एखाद्या कातळावर अनेक दिवसांची विष्ठा पसरून चटईएवढा पांढरट पट्टा तयार झालेला दिसतो. बगळे आणि पाणकावळ्यांची विष्ठाही पांढरी असते, पण ती पातळ, चुन्यासारखी ओघळलेली. तिच्यात खवल्या-काट्यांचा असा ढीग नसतो. विष्ठेत लालसर-नारिंगी कवचाचेच तुकडे भरलेले असतील तर खेकडे खाणाऱ्या प्राण्याकडे संशय जातो, आणि जागा डोंगरातल्या ओढ्याची असेल तर आखूड नखांच्या पाणमांजराची शक्यता धरावी.

दुसरी खूण पावलांची. कुत्र्याच्या ठशात चार बोटे उमटतात, पाणमांजराच्या ठशात पाच. ती पंख्यासारखी पसरलेली असतात आणि ओल्या गाळात बोटांमधल्या पडद्याची पुसट कडा दिसते. शेपटी ओढल्याची रेघ कधी असते, कधी नसते. तिसरी खूण लोळण्याची जागा: दाबले गेलेले गवत किंवा विस्कटलेली वाळू, जवळच विष्ठा. चौथी खूण बिळाची. उंबर, जांभूळ, करंज अशा काठावरच्या झाडांची मुळे, मोठ्या खडकांमधल्या फटी, दाट झाडीखालची माती, कांदळवनातले उंचवटे. बिळाच्या तोंडापासून पाण्यापर्यंत गुळगुळीत झालेली घसरण असेल तर ते वापरात आहे.

खुणा पाहताना काही पथ्ये पाळावीत. बिळापाशी थांबू नये, आत काठी किंवा मोबाइलचा उजेड घालू नये. माणसाचा वारंवार वावर जाणवला की मादी पिल्ले उचलून दुसरीकडे नेते, आणि दुसरी जागा पहिलीइतकी सुरक्षित असेलच असे नाही. विष्ठा हाताने उचलू नये. काडीने उकलून पाहावी. प्रत्यक्ष पाहायचे असेल तर पहाटे किंवा सूर्यास्ताआधी, पाण्यापासून दूर, वाऱ्याच्या उलट्या बाजूला, एका जागी गप्प बसावे. काठाने मागे मागे चालल्यास कळप लगेच पाण्याखाली जातो आणि तो पट्टा सोडतो. कॅमेऱ्यासाठी मासे टाकून जवळ बोलावणे तर पूर्णपणे टाळावे. माणसाकडून खाण्याची सवय लागलेले जनावर पुढे होड्यांजवळ आणि कुत्र्यांच्या तोंडी जाते.

जागतिक निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत मऊ केसांची आणि आखूड नखांची या दोन्ही जाती असुरक्षित गटात आहेत, तर युरेशियन जात संकटाच्या उंबरठ्यावरच्या गटात. एके काळी मोठा धोका कातडीचा होता. भारतात मारलेल्या पाणमांजरांची कातडी तिबेटकडे जात असे आणि पारंपरिक अंगरख्यांना काठ म्हणून लावली जाई. २००६ साली आंध्र प्रदेशातल्या अमरावतीच्या कालचक्र सोहळ्यात दलाई लामांनी प्राण्यांची कातडी न वापरण्याचे आवाहन केले, आणि त्यानंतर तिबेटमध्ये लोकांनी असे कपडे जाहीरपणे जाळले. पुढे आग्नेय आशियात पिल्ले पाळण्याचे वेड वाढले. २०१९ साली मऊ केसांच्या आणि आखूड नखांच्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टानुसार बंदी आली. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली पाणमांजर मारणे, पकडणे, पाळणे, विकणे किंवा त्याची कातडी बाळगणे हा गुन्हा आहे. समाजमाध्यमांवर पाळलेल्या पाणमांजराची गोंडस चित्रफीत पुढे पाठवणे हेसुद्धा पिल्लांच्या मागणीला खतपाणी घालणे आहे.

आपल्या नद्यांवर मात्र कातडीपेक्षा मोठा धोका काठ नाहीसा होण्याचा आहे. पाणमांजराला पाणी आणि मासळी लागते हे सगळ्यांना कळते. त्याला तितकाच काठ लागतो, हे विसरले जाते. विश्रांती, बीळ, पिल्लांची वाढ, केस सुकवणे हे सारे काठावर होते. नदीचे सुशोभीकरण म्हणून दोन्ही बाजूंना काँक्रीटची भिंत उभी केली, की पाणी आणि मासे तिथे असूनही पाणमांजर जाते. वाळूउपशाने हेच होते. हातपाटीने होणारा मर्यादित उपसा आणि सक्शन पंपाने पात्र खरवडणे यांत फार अंतर आहे. पंपाने पुळण जाते, काठ ढासळतो, झाडांची मुळे उघडी पडतात आणि बिळे पाण्यात कोसळतात. माशांच्या अंडी घालण्याच्या जागाही त्याच वाळूत असतात.

कोकणातल्या आणि घाटाखालच्या नद्यांचा खरा कसोटीचा काळ म्हणजे एप्रिल आणि मे. पावसाळ्यात दुथडी वाहणारी नदी तेव्हा तुटक डोहांत आणि कोंडींत उरते. सगळी मासळी तिथे गोळा होते, तिच्यामागे पाणमांजरे येतात आणि माणसेही. जिलेटीनचा स्फोट, पाण्यात सोडलेली ब्लीचिंग पावडर किंवा कीटकनाशक, बॅटरीचा करंट हे प्रकार याच दिवसांत वाढतात. एका स्फोटात मोठ्या माशाबरोबर बोटभर पिल्लेही उलटी तरंगतात आणि त्यांतली बरीचशी कोणी उचलतही नाही. अशा डोहात पुढच्या पावसापर्यंत खायला काही राहत नाही. विषाने मेलेला मासा खाल्ला तर पाणमांजरही मरते. नदीकाठच्या गावाला एकच गोष्ट करणे शक्य असेल, तर ती उन्हाळ्यातले डोह राखण्याची करावी. याला आपल्याकडे परंपरा आहे. महाडजवळ काळ नदीच्या पात्रातल्या वाळणकोंडीत वरदायिनी देवीच्या श्रद्धेमुळे मासे पकडले जात नाहीत, आणि तिथले मोठाले महसीर पाहायला लोक लांबून येतात. देवाच्या नावाने असो वा ग्रामसभेच्या ठरावाने, गावाच्या हद्दीतला एक खोल डोह मासेमारीविना ठेवला, तर वरच्या आणि खालच्या पट्ट्यातली मासळीही त्यातून पुन्हा भरते. म्हणजे त्याचा फायदा सर्वांत आधी मासे पकडणाऱ्यांनाच होतो.

मच्छीमारांशी होणारा संघर्ष खरा आहे आणि तो नाकारून राखण होत नाही. रात्रभर लावून ठेवलेले कांडाळे जाळे म्हणजे पाणमांजरासाठी आयता मासा. तो काढताना जाळे फाटते, माशांची डोकी तेवढी अडकून राहतात, आणि कधी पिल्लू जाळ्यात गुंतून बुडून मरते. दोन्ही बाजूंचे नुकसान कमी करण्याचे साधे उपाय आहेत. पाणमांजरांचा वावर असलेल्या पट्ट्यात जाळे रात्रभर सोडू नये; संध्याकाळी लावून काही तासांत, किंवा पहाटे लावून उजाडल्यावर काढावे. विष्ठेच्या आणि बिळांच्या जागांपासून दूर, पात्राच्या मधल्या बाजूला जाळे धरावे. फाटके जाळे पाण्यात टाकून देऊ नये. ते महिनोन्‌महिने मासे, कासवे आणि पाणमांजरे अडकवत राहते. जाळ्यात अडकलेला जिवंत प्राणी सोडवताना हात घालू नये, त्याचा चावा खोल असतो. जाड गोणपाट टाकून डोके झाकावे, मग दोरे कापावेत.

माणूस आणि पाणमांजर एकमेकांच्या सोबतीने मासे पकडू शकतात, हेही विसरू नये. बांगलादेशात नरैल भागातले मच्छीमार पिढ्यान्‌पिढ्या पाळीव पाणमांजरे घेऊन मासेमारी करत आले आहेत. होडीच्या बाजूला बांबूला बांधलेली पाणमांजरे झुडपांतून मासे हुसकावतात आणि मासे पसरलेल्या जाळ्यात शिरतात. आपल्याकडे कायद्याने हे करता येणार नाही, आणि करूही नये. पण मासेमाराने या प्राण्याकडे शत्रू म्हणूनच पाहायला हवे असे नाही, हे त्यातून दिसते.

मत्स्यतळे असेल तर उपाय कुंपणाचा. मोठे क्षेत्र सोडून निदान बीज आणि बोटुकलीचे तलाव कुंपणात घ्यावेत, कारण नुकसान तिथे जास्त बोचते. जाळी जमिनीवर सव्वा ते दीड मीटर उंच असावी, भोक दोन इंचांपेक्षा मोठे नसावे, आणि खालचा हात-दीड हात भाग बाहेरच्या बाजूला वळवून मातीखाली पुरावा. नाहीतर पाणमांजर उकरून आत येते. पाणी आत-बाहेर होणाऱ्या पाइपांना आणि मोऱ्यांना गज लावावेत. बहुतेक कुंपणे हरतात ती तिथे. तळ्याच्या कडेला राखणदाराचा कुत्रा बांधलेला असला तर पुरे. मोकळे सोडलेले कुत्रे पिल्लांना फाडतात आणि त्यांच्यामार्फत डिस्टेंपरसारखे रोगही जंगली प्राण्यांत जाऊ शकतात. कुंपणात घरगुती वीज सोडणे हा गुन्हा आहे आणि त्यात माणसेही मेली आहेत.

प्लास्टिकचा कागद अंथरलेले शेततळे हा वेगळाच सापळा. पाण्याच्या वासाने आत उतरलेले पाणमांजर, कोल्हा किंवा मुंगूस गुळगुळीत कागदावरून वर येऊ शकत नाही आणि दमून बुडते. एका कोपऱ्यात काठापासून तळापर्यंत जुन्या जाळ्याची किंवा गाठी मारलेल्या दोराची पट्टी सोडून ठेवली, तर प्राणी बाहेर येतो. खर्च जवळपास नाही. कठडा नसलेल्या विहिरींनाही हेच लागू आहे. तिथे कठडा बांधणे हाच उपाय.

नदीकाठच्या शेतकऱ्याने पाण्यालगतचा पाच-दहा मीटरचा पट्टा नांगरू नये, जाळू नये आणि त्यावरची करंज, उंबर, जांभूळ, वाळुंज ही झाडे तोडू नयेत. ज्यांची जमीन दरवर्षी पुरात खचते, त्यांच्यासाठी हा पट्टा जमीन धरून ठेवणाराही आहे. कीटकनाशकाचा पंप नदीत धुऊ नये. याचे परिणाम किती दूर जातात हे इंग्लंडने पाहिले आहे. तिथे १९५० च्या दशकापासून डिल्ड्रिनसारख्या कीटकनाशकांनी माशांतून साठत जाऊन पाणमांजरे जवळपास संपवली. ती औषधे बंद झाली, नद्या सुधारल्या, आणि २०११ पर्यंत पाणमांजर इंग्लंडच्या प्रत्येक काउंटीत परत आले. सिंगापूरने १९७७ ते १९८७ या काळात गटार झालेल्या नद्या साफ केल्या. १९९८ च्या सुमारास आपल्याकडचीच ही मऊ केसांची जात तिथे परतली आणि आज शहराच्या मधोमध कुटुंबे वाढवते आहे. हा प्राणी हट्टी नाही. त्याला पाणी आणि काठ परत मिळाला की तो येतो.

राखीव क्षेत्रांचा उपयोग आहेच. कर्नाटकात तुंगभद्रा धरणाच्या खाली कंपलीपर्यंतचा सुमारे ३४ किलोमीटरचा नदीपट्टा २०१५ साली पाणमांजर संवर्धन राखीव म्हणून जाहीर झाला. देशातले ते असे पहिले क्षेत्र. सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात २०२० साली तिलारी संवर्धन राखीव झाले. तिलारी नदी पुढे गोव्यात शापोरा होऊन समुद्राला मिळते आणि तिच्यावर पाणमांजरांचा वावर आहे. पण नदी राखीव क्षेत्राच्या सीमेवर थांबत नाही. वरच्या गावाने राखलेला कळप खालच्या गावात जाळ्यात मरू शकतो. म्हणून एका नदीवरच्या सलग पाच-सहा ग्रामपंचायतींनी मिळून ठरवलेले नियम एकेका गावाच्या ठरावापेक्षा अधिक टिकतात.

पिल्लू एकटे सापडले तर लगेच उचलू नये. मादी पिल्लांना एकेक करून नव्या बिळात हलवत असते आणि मधल्या वेळात एखादे उघड्यावर राहते. कुत्री आणि माणसे दूर ठेवून, लांबून काही तास पाहावे. अंगावर जखम असेल, मुंग्या लागल्या असतील किंवा आई मेलेली दिसली असेल, तरच त्याला हवेशीर खोक्यात कोरड्या कापडावर, शांत अंधाऱ्या जागी ठेवावे. गाईचे दूध पाजू नये. ते पचत नाही आणि जुलाबाने पिल्लू दगावते. पाण्यात सोडून पोहते का हे पाहू नये. महाराष्ट्रात वनविभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवावे. स्फोट, विषप्रयोग किंवा कातडीची विक्री यांची माहितीही तिथेच द्यावी.

नोंदी ठेवणे हे गावाने सहज करता येण्यासारखे काम आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असणे अपेक्षित आहे. विष्ठेच्या जागा, डोह, काठावरची जुनी झाडे, पिल्ले दिसल्याचा महिना, जाळ्यात मेलेले प्राणी हे त्या वहीत तारखेसह लिहावे. वाळूच्या लिलावाला किंवा नदीवरच्या बांधकामाला हरकत घ्यायची वेळ येते, तेव्हा अशी वर्षानुवर्षांची नोंद तोंडी तक्रारीपेक्षा कितीतरी वजनदार ठरते. बिळांचे नेमके ठिकाण मात्र समितीपुरते आणि वनखात्यापुरते ठेवावे. समाजमाध्यमावर टाकू नये.